समुद्रतळाचे धातू पाण्यात कसे उतरतात?

समुद्राला आपल्या पूर्वजांनी रत्नाकर हे नाव दिले. मोती, पोवळी आणि शंख यांच्यामुळे ते त्याला शोभतच होते. परंतु त्याच्या तळाशी किती मोठे धन पडून आहे, याची कल्पना गेल्या दीडशे वर्षांतच आली. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाच्या ब्रिटिश जहाजाने महासागरांचे संशोधन केले, तेव्हा खोल तळावरून बटाट्याएवढे काळे गोटे वर आले. त्यांत मँगनीज व लोह मुबलक असून निकेल, तांबे आणि कोबाल्ट हे धातूही असतात, असे पृथक्करणांती ठरले. पुढे १९७७ मध्ये प्रशांत महासागरात गालापागोस बेटांजवळ तळातून निघणारे ऊन पाण्याचे झरे सापडले. आणि १९७९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यासमोर समुद्रतळावर काळा धूर ओकणारी दगडी धुराडीच शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडली. या धुराड्यांत तांबे, जस्त आणि लोह हे धातू गंधकाशी संयोग पावलेले असतात.

असे हे दोन निराळे साठे आहेत : गोट्यांतील धातू प्राणवायूशी जोडलेले, तर धुराड्यांतील गंधकाशी. हे धातू तेथे कायमचे बंदिस्त आहेत, की पाणी त्यांना हळूहळू सोडवून नेते? आणि नेत असल्यास केव्हा? या प्रश्नाचा आज आपण विचार करू.

उत्तराचे बीज आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली असेल, तर त्यात केलेली चिंचेची आमटी कळकते. त्याच पातेल्यात साधे पाणी थोडा वेळ ठेवले, तर ते लगेच बिघडत नाही. पितळ तेच, पण चिंचेतील आम्लाने त्यातील तांबे सुटे केले. यावरून असे दिसते की, धातू सुटणे हे एकट्या धातूवर अवलंबून नसते; त्याच्याशी गाठ पडणारे पाणी कसे आहे, यावरही ते अवलंबून असते. समुद्रतळावरही हाच नियम चालतो.

प्रथम धुराड्यांकडे वळू. समुद्रतळाला जेथे भेगा आहेत, तेथे थंड पाणी खडकात झिरपते. खाली तप्त शिलारस असल्यामुळे ते तापत तापत ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. तथापि वरच्या पाण्याचा दाब प्रचंड असल्यामुळे आपल्या चुलीवरील पाण्यासारखे ते उकळत नाही. या प्रवासात पाण्यातील मॅग्नेशियम खडकात शोषले जाते, पाणी आम्लधर्मी बनते आणि त्यातील प्राणवायू नाहीसा होतो. असे ऊन व आंबट पाणी खडकातील लोह, मँगनीज, तांबे, जस्त धुऊन आपल्याबरोबर घेते. खुल्या महासागराच्या हजार लिटर पाण्यात विरघळलेले लोह बहुधा एका मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. या झऱ्यांच्या पाण्यात मात्र ते पुष्कळदा दहा लक्ष पटींपर्यंत असते.

सुमारे ३५० अंशांचे हे पाणी तळातून उसळून दोन अंशांच्या थंड पाण्यात मिसळते, त्या क्षणी त्याची धातू धरून ठेवण्याची शक्ती ओसरते. धातू व गंधक यांचे सूक्ष्म काळे कण बनतात. हाच तो काळा 'धूर' होय. कणांचे थर साचून धुराडे उंच होते. मात्र सारेच लोह तेथे खाली बसत नाही. २०१३ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून ताहिती बेटापर्यंत गेलेल्या एका अमेरिकन संशोधन जहाजाने जागोजागी पाण्याचे नमुने घेतले, तेव्हा प्रशांत महासागरातील अशा झऱ्यांपासून निघालेले लोह पश्चिमेकडे ४,००० किलोमीटरहून अधिक अंतरावर आढळले. काही सेंद्रिय द्रव्ये लोहाला बिलगून राहतात व त्याला खाली बसू देत नाहीत, हे याचे एक कारण मानतात. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींना लोह हे अन्नासारखेच आवश्यक असल्यामुळे या शोधाला मोठे महत्त्व आहे.

झरा आटला, धुराडे थंड झाले, की धातू सुटणे थांबते काय? नाही; ते मंद होते आणि त्याची रीत बदलते. भोवतालच्या पाण्यात प्राणवायू असतो. लोह व गंधक यांच्या संयुगाला, म्हणजे पायराइटला, तो लागला की लोहाचा गंज आणि गंधकाम्ल तयार होते. हे आम्ल मग शेजारच्या खनिजांवर आपला प्रभाव दाखविते. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असल्यामुळे ते पुष्कळसे आम्ल शमविते, आणि गंजाचे कण सुटलेल्या धातूंपैकी काही भाग आपल्या अंगावर चिकटवून घेतात. निसर्गाने बंधमोचन आणि पुनर्बंधन एकाच ठिकाणी मांडले आहे म्हणाना!

येथे आणखी एक गंमत आहे. पायराइट आणि जस्ताचे खनिज एकमेकांना चिकटून असतील, तर खाऱ्या पाण्यात त्यांची एक लहानशी विद्युत्‌घटच बनते. पायराइटचे रक्षण होते आणि जस्त अधिक वेगाने विरघळते. जहाजांच्या लोखंडी तळाला जस्ताच्या वड्या बसवितात, त्या याच तत्त्वावर : जस्त झिजते, लोखंड टिकते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. मिठाच्या पाण्याच्या तीन पेल्यांत तीन नवे लोखंडी खिळे ठेवावेत. एक नुसता, एक तांब्याची तार गुंडाळलेला, एक जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळलेला. आठ दिवसांनी कोणता खिळा अधिक गंजला व कोणता वाचला, ते वहीत टिपून ठेवावे.

आता गोट्यांचा विचार करू. हे गोटे चार ते सहा हजार मीटर खोलीवर मऊ गाळावर पसरलेले असतात आणि दहा लक्ष वर्षांत केवळ काही मिलिमीटर वाढतात. प्राणवायूयुक्त पाण्यात ते अगदी सुरक्षित असतात, कारण त्यांतील धातू आधीच प्राणवायूने तृप्त झालेले आहेत. परंतु गाळाच्या खालच्या थरांत जेथे प्राणवायू संपतो, तेथे जंतू श्वसनासाठी मँगनीजच्या ऑक्साइडमधीलच प्राणवायू वापरू लागतात. मग मँगनीज विरघळते, त्याच्याबरोबर बांधलेले इतर धातूही सुटतात, आणि वरच्या प्राणवायूयुक्त थरात पोहोचताच मँगनीज पुन्हा घट्ट होऊन बसते. गंधकयुक्त खनिजाला जो प्राणवायू विघातक, तोच गोट्याला तारक! म्हणून 'समुद्रतळातील धातू सुटतात काय?' या प्रश्नाला एकच सरसकट उत्तर देता येत नाही. खनिज कोणते आणि पाणी कसले, हे आधी विचारावे लागते.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आमच्या गोव्यात दोनापावल येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' जहाजावरून अरबी समुद्रातून असे गोटे प्रथम वर काढले. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातील दीड लक्ष चौरस किलोमीटर क्षेत्र भारताला संशोधनासाठी मिळाले. त्यांपैकी ७५,००० चौरस किलोमीटर पुढे भारताने राखले. २०१६ मध्ये गंधकयुक्त साठ्यांच्या शोधासाठी १०,००० चौरस किलोमीटरचा करारही झाला. उद्या हे धन उपसावयाचे ठरले, तर त्याचा विचार करण्याची पाळी आजच्या विद्यार्थ्यांवरच येणार आहे.

त्या वेळी एक साधे गणित ध्यानी असू द्यावे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते ती याचमुळे. धुराड्यांचे खनिज यंत्राने तळाशीच दळले, तर आजवर आत झाकलेल्या ताज्या पृष्ठांना प्राणवायू लागेल आणि तांबे व जस्त अधिक वेगाने सुटेल. तांबे अत्यल्प प्रमाणात जीवांना हवेच असते. पण प्रमाण वाढले की तेच लहान जलचरांना विषासमान होते. गोटे उचलताना नांगर खोल गेला, तर प्राणवायूहीन थरात विरघळून राहिलेले धातू वर येतील. शिवाय तळाच्या जखमा लवकर भरत नाहीत : १९८९ मध्ये पेरू देशासमोरील समुद्रतळावर प्रयोगासाठी नांगराचे तास ओढले होते, २०१५ मध्ये पाहिले तेव्हा ते जसेच्या तसे दिसत होते.

खनिजांची गरज देशाला आहे, हे कोणी नाकारणार नाही. पण पातेल्यात आंबट पदार्थ घालण्यापूर्वी कल्हई पाहून घेणाऱ्या गृहिणीची सावधगिरी येथेही हवी. कोणते खनिज, किती बारीक, कोणत्या पाण्यात आणि किती काळ, याचे मोजमाप उपसा करण्याच्या आधी झाले पाहिजे. कारण आमटी एकदा कळकली, की मग पातेले कितीही घासले तरी ती पूर्ववत होत नाही.