संदेश पाठवणाऱ्याचा शिष्टाचार

टपालाच्या काळात शंभर जणांना एखादी गोष्ट कळवायची तर शंभर पोस्टकार्डे लिहावी लागत. ते कळवणे खरोखरीच आवश्यक आहे काय, याचा विचार त्यामुळे आपोआप होई. ई-मेलने हा हिशेब बदलला. एकाला पाठवा वा शंभरांना, पाठवणाऱ्याचा खर्च जवळपास शून्यच. वाचणाऱ्या शंभर जणांचा वेळ मात्र खर्ची पडतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात : करणारा एक, भरणारा दुसरा. माहिती विपुल झाली की लक्ष दुर्मिळ होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते.

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'अर्नेट' या जाळ्यात बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आरंभापासून होती. वापरणारे मोजके व परस्परांस ओळखणारे असल्याने लेखी नियमांची फारशी निकड नसावी. ऑगस्ट १९९५ मध्ये भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले. योगायोगाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये 'आरएफसी १८५५' ही शिष्टाचाराची संहिता प्रसिद्ध झाली. विषयाच्या ओळीतून मजकुराचा बोध व्हावा, उत्तर देताना मूळ पत्राचा आवश्यक तेवढाच भाग ठेवावा, एका व्यक्तीसाठीचे उत्तर साऱ्या गटाला जाऊ देऊ नये, रागाच्या भरात लिहिलेले उत्तर रात्रभर थांबवून ठेवावे, हे तिचे सांगणे आजही कार्यालयांत उपयोगी पडते. साखळी-पत्रे तर तिने निषिद्धच ठरवली होती.

या शेवटच्या नियमाचे मोल बंगळुरूने ऑगस्ट २०१२ मध्ये अनुभवले. माध्यम या वेळी ई-मेलऐवजी मोबाइलचे होते. जुलैमध्ये आसामच्या कोक्राझार परिसरात हिंसाचार झाला होता. त्यानंतर बंगळुरूतील ईशान्य भारतीयांवर हल्ले होणार, अशा अफवा लघुसंदेशांतून पसरल्या. विद्यार्थी, सुरक्षारक्षक, उपाहारगृहांतील कामगार असे हजारो लोक रेल्वे स्थानकावर जमले. गुवाहाटीसाठी विशेष गाड्या सोडाव्या लागल्या. संदेश पुढे धाडणाऱ्यांपैकी कित्येकांचा हेतू आप्तांना सावध करण्याचाच असणार. परंतु 'हे कोणी पाहिले?' एवढे विचारण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत, आणि त्याची किंमत रोजगार व शिक्षण अर्धवट सोडून निघालेल्यांनी मोजली. अखेर १७ ऑगस्टला केंद्र सरकारने एका वेळी पाचपेक्षा अधिक जणांना संदेश पाठवण्यावर १५ दिवसांची बंदी घातली. अशी सरसकट बंदी निरुपद्रवी संदेशांनाही अडवते, हा तिचा दोष.

धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. तेथेही अफवेचा प्रवास मोबाइलवरूनच झाला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा बदल झाला. अशा संदेशांचे प्रमाण त्यानंतर ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. पाठवण्याची मुभा कायम होती. वाढले होते ते केवळ पाठवणाऱ्याचे श्रम.