कूलरचा शॉक : जोडतो एक, बसतो दुसऱ्याला

होळी झाली की वस्तीत कूलर खाली उतरतात. कोणाचा माळ्यावरून, कोणाचा न्हाणीच्या छतावरून, कोणाचा मागच्या गल्लीतल्या ताडपत्रीखालून. सात-आठ महिने पडून राहिलेला लोखंडी डबा पुसला जातो, वाळ्याच्या नव्या ताट्या येतात, मोटरीत तेलाचे दोन थेंब सोडले जातात. मग एखाद्या रविवारी घरातला कर्ता माणूस पक्कड, पेचकस आणि काळी टेप घेऊन बसतो. संध्याकाळी गार हवा सुटते आणि घर खूश होते. पुढे एप्रिल-मेमध्ये वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते : कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का लागून मृत्यू. नागपुरात आणि साऱ्या विदर्भात ही बातमी उन्हाळा चुकवत नाही. महावितरणचे सावधगिरीचे आवाहनही दर उन्हाळ्यात येते. आपण दोन्ही वाचतो आणि पान उलटतो.

रुग्णालयातल्या ड्युटीत आणि आता वस्त्यांमधल्या आरोग्य बैठकांत आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कूलर दुरुस्त करणारा बहुतेक वेळा पुरुष असतो, आणि तो दुपारी घरी नसतो. दुपारी बादली घेऊन कूलरजवळ जाते ती बाई, नाहीतर शाळेला सुट्टी लागलेली पोर. फरशी ओली, पाय अनवाणी, साडीचा पदर घामाने भिजलेला. म्हणजे जोडणी करणाऱ्याच्या हाताची चूक दुसऱ्याच्या अंगातून जाते. ‘मी दहा वर्षांपासून स्वतःच करतो, मला काही झालं नाही’ असे कोणी म्हटले, तर त्याला एवढेच विचारावे की पाणी कोण भरते?

यात अडाणीपणाचा प्रश्न नाही. आपल्या घरांतले पुरुष कष्टाची कामे करणारे, हाताला कसब असलेले आहेत. भिंत बांधणे, पत्रे बसवणे, सायकल-मोटरसायकल खोलणे त्यांना येते. मिस्त्री बोलवायचा तर दोनशे-तीनशे रुपये जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तो चार दिवस येतही नाही. सारे खरे आहे. पण भिंत वाकडी झाली तर डोळ्यांना दिसते. विजेची जोडणी चुकली तरी पंखा फिरतोच, दिवा लागतोच. चूक लपून राहते आणि एका ओल्या दुपारी उघडी पडते.

आधी शरीराचे गणित समजून घेऊ. घरातली वीज २३० व्होल्टची असते. अंगातून किती प्रवाह जातो आणि किती वेळ जातो, यावर जीव अवलंबून असतो. हा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजतात. एक मिलिअँपिअरला मुंग्या आल्यासारखे वाटते. दहा-पंधराच्या आसपास हाताचे स्नायू आवळले जातात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. लोक म्हणतात ‘करंटने खेचून घेतलं’. वीज खेचत नाही, आपलीच मूठ उघडत नाही. तीसच्या पुढे प्रवाह छातीतून जात राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते, हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते आणि रक्त पुढे जात नाही. रात्री लावतो तो जुना १५ वॅटचा छोटा बल्ब सुमारे ६५ मिलिअँपिअर घेतो. त्या बल्बाला लागते तेवढी वीजही माणसाला पुरून उरते.

कोरड्या, जाड कातडीतून वीज सहज शिरत नाही. ओल्या कातडीतून सहज शिरते. म्हणूनच तोच कूलर मार्चमध्ये ‘थोडं झिणझिण करतो’ आणि मेमध्ये, घामाने निथळणाऱ्या अंगाला, जीवघेणा ठरतो. झिणझिणणारा कूलर हा आजारी कूलर आहे. तो तसाच वापरत राहणे म्हणजे छातीत कळ येत असताना बाम चोळत बसणे.

कूलरमध्ये वीज डब्यापर्यंत कशी येते? मोटरीच्या तारांवरचे आवरण जुने होऊन फाटते आणि तार लोखंडाला टेकते. पावसाळा-हिवाळ्यात उंदीर वायर कुरतडतात. सगळ्यात वाईट जागा म्हणजे पाण्याच्या टाकीतला पंप. त्याची वायर आखूड पडली की घरात सापडेल तो तुकडा जोडून वर काळी टेप गुंडाळली जाते, आणि तो जोड पाण्यात पडतो. कापडी किंवा प्लास्टिकची टेप पाणी अडवत नाही, तिचा गोंद आठवड्याभरात सुटतो. मग टाकीतले पाणी, डबा, खिडकीचे गज, गजांना बांधलेली कपडे वाळवायची तार, सगळ्यांत वीज उतरते. पंपाचा जोड पाण्यात नसावाच. वायर आखूड असेल तर पूर्ण लांबीची नवी वायर किंवा नवा पंप घ्यावा.

अशा वेळी जीव वाचवायला अर्थिंग असते. डब्याला जोडलेली हिरवी तार ती गळकी वीज जमिनीत नेते आणि फ्यूज उडतो. पण आपल्याकडे घडते काय? बोर्डात दोन भोकांचे सॉकेट, म्हणून तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा लावला जातो. किंवा प्लगची जाड पिनच तोडली जाते. काही घरांत तीन भोकांचे सॉकेट असते, पण मागे हिरवी तार कुठेच गेलेली नसते, भोक नुसते शोभेचे. काही ‘जाणकार’ मंडळी अर्थच्या भोकात न्यूट्रलची तार जोडून देतात. टेस्टर लावला तर सगळे ठीक दिसते. पण ज्या दिवशी खांबाकडून येणारी न्यूट्रल तार तुटते, त्या दिवशी घरातल्या प्रत्येक लोखंडी यंत्राच्या अंगात पूर्ण वीज येते. नळाच्या पाइपाला अर्थिंग बांधण्याची पद्धतही अशीच. आपल्या घरातला बिघाड शेजारणीच्या नळाला जातो.

तारांच्या रंगांचाही घोळ आहे. जुन्या घरांत लाल, काळी, हिरवी. नव्या वायरीत तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. हिरवी आणि हिरवी-पिवळी ही फक्त अर्थची. ती कमी पडली म्हणून फेजला वापरणे म्हणजे कूलरचा डबा आपल्या हाताने विजेला जोडणे.

आणखी एक चूक जवळपास कोणाच्या लक्षात येत नाही. बटण फेजवर असायला हवे. घरी बोर्ड बदलताना ते न्यूट्रलवर बसले, तरी बटण बंद केल्यावर कूलर थांबतो. पण मोटरीपर्यंत वीज आलेलीच असते. म्हणून भगिनींनो, पाणी भरण्याआधी बटण बंद करून थांबू नका, प्लग भिंतीतून बाहेर काढा. प्लग बाहेर असेल तर कोणाची कोणती चूक होती, याने फरक पडत नाही. हात कोरडा, पायात रबरी चप्पल, पाणी काठोकाठ नाही, सांडलेले पाणी पुसल्यावरच प्लग परत. दिवसातून दोनदा भरायचे तर दोनदा काढायचा. नवतप्यात तीनदा. मुलांना हे काम सांगू नये, आणि गल्लीत बाहेर आलेल्या कूलरला बाहेरून जाळी किंवा आडोसा करावा. इमामवाडा, रामबाग, लष्करीबाग, इंदोरा, कुठेही पाहा, गल्ली इतकी अरुंद की खेळणाऱ्या पोरांचा हात लागतोच. त्यातले एखादे पोर दुसऱ्याचे असते.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असे पुष्कळ जण सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. ती दहा-सोळा अँपिअरची. माणसाला मारायला लागणारा प्रवाह त्याच्या शंभराव्या भागाएवढाही नसतो. माणूस चिकटून राहील, एमसीबी पडणार नाही. माणसासाठी असते ती आरसीसीबी, जिला दुकानात ईएलसीबीही म्हणतात. आत गेलेली वीज आणि परत आलेली वीज ती सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी गळते आहे, कदाचित कोणाच्या अंगातून, की सेकंदाच्या काही भागात ती पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचीच मागा. कंपनीनुसार दीड ते अडीच हजारांच्या आसपास मिळते. रक्कम लहान नाही, पण एका नव्या कूलरच्या किमतीहून कमीच आहे. बसवल्यावर वारंवार पडते म्हणून ती काढून टाकणारी घरे आम्ही पाहिली आहेत. ती पडते कारण घरात गळती आहे. ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फेकतो का आपण? तिच्यावर ‘टी’ अक्षराचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे, पुरवठा बंद झाला पाहिजे. एक मात्र लक्षात असू द्या : एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली तर आरसीसीबीलाही कळत नाही. म्हणून ती असली तरी चालू तारेला हात लावायचा नाही.

फ्यूज उडाला की त्याजागी तांब्याची जाड तार घालणे, हीसुद्धा घरगुती दुरुस्तीच. तारेने फ्यूज उडत नाही, वायर तापते आणि झोपडीचे लाकूड पेटते. नळाला लावलेला टिल्लू पंपही तसाच. तो बेकायदेशीर आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि नळाला धार नसते हेही. धार का नाही, हे महानगरपालिकेला विचारलेच पाहिजे. पण उघड्या जोडाचा पंप ओल्या ओट्यावर ठेवून नळ हातात धरणारी बाई उत्तर येईपर्यंत जिवंत राहिली पाहिजे.

मग काम कोणाला द्यायचे? विजेचे काम परवानाधारकाकडून करून घ्यावे, असे नियम सांगतो. आयटीआयमध्ये तारतंत्री आणि वीजतंत्री हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. आपल्या वस्त्यांत ते शिकलेली मुले-मुली आहेत, काही बेकारही आहेत. विहाराच्या समितीने मार्चमध्ये अशा दोघांना मेहनताना देऊन घरोघरी कूलर आणि अर्थिंग तपासायला लावले, तर दर घरामागे खर्च थोडाच येतो. १४ एप्रिलच्या रोषणाईच्या माळा, स्वागत कमानी आणि विहारातले कूलरही त्याच फेरीत पाहून घ्यावेत. लोखंडी कमानीवर उघड्या जोडाची माळ सोडणे आता थांबले पाहिजे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते आणि विजेचे नियोजन त्याच खात्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, ही भूमिका त्यांनी तिथे मांडली. त्यांच्या जयंतीच्या माळेने कोणाचे पोर जाऊ नये, एवढी काळजी तर आपण घेऊच शकतो.

भाड्याने राहणाऱ्यांनी वायरिंगची तक्रार घरमालकाला लेखी द्यावी. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, त्यापुढची घराची. खांबावरची तार लोंबत असेल तर १९१२ वर कळवावे.

आता शॉक लागल्यावर काय करायचे. चिकटलेल्या माणसाला हात लावू नका, तुम्हीही चिकटाल. आधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला बाजूला ढकला. ही युक्ती घरातल्या विजेसाठीच. रस्त्यावरची उच्च दाबाची तार असेल तर दूरच थांबा आणि पुरवठा बंद करायला लावा. माणूस सुटला की खांदे हलवून हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा अधूनमधून नुसते आचके देतो आहे, तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि तुम्ही लगेच छाती दाबायला लागा. छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर ताठ, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर खाली जाईल एवढ्या जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमलात तर दुसऱ्याने घ्यावे, थांबू नये. मेंदूला चार-पाच मिनिटेच सवड असते. वाळूत पुरणे, तळपाय चोळणे, कांदा हुंगवणे यांत ती मिनिटे जातात.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, शाई काही नको. विजेची जखम वरून पैशाएवढी दिसते आणि आत स्नायू शिजलेला असतो. म्हणून माणूस उठून बसला तरी मेडिकल, मेयो किंवा जवळच्या रुग्णालयात नेऊन ईसीजी काढून घ्या. बेशुद्ध झालेला, छातीत धडधडणारा, गरोदर बाई यांच्या बाबतीत तर अजिबात वाट पाहू नका. पुढच्या दिवसांत लघवी चहासारखी गडद झाली तर मूत्रपिंडावर ताण आला आहे, तत्काळ परत जा. लहान मुलाने वायर चावून ओठाचा कोपरा भाजला असेल तर आठवडा-दीड आठवड्यानंतर खपली निघताना तिथून अचानक रक्त वाहू शकते. अशा वेळी ओठ दोन बोटांत दाबून धरून रुग्णालय गाठावे.

आणि दुर्दैवाने माणूस गेलाच, तर घाईने अंत्यविधी उरकू नका. पोलिसांत नोंद आणि शवविच्छेदन होऊ द्या. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाच्या खातेदाराच्या अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये देते, आणि शॉकचा मृत्यू अपघातच आहे. ती रक्कम याच कागदांवर मिळते. ते २० रुपये आपल्या पासबुकात कापलेले दिसतात का, हे या आठवड्यात पाहून घ्यावे, घरातल्या बाईच्या पासबुकातसुद्धा.