पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांधा : मालमोटारींच्या बांधणीतील एक दुर्लक्षित बाब

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील कार्यशाळांमध्ये अनेक वर्षे पोलादी चासीवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवून प्रवासी गाड्या बांधल्या गेल्या. २०२० साली टाळेबंदीच्या काळात महामंडळाच्या काही जुन्या गाड्यांची आसने काढून त्यांना मालवाहू गाड्यांचे रूप देण्यात आले. दूध, मासळी किंवा पाणी वाहणाऱ्या मालमोटारींवरही अ‍ॅल्युमिनियम असते. त्याचे कारण उघड आहे. सारख्याच आकारमानाच्या पोलादाच्या तुलनेत त्याचे वजन सुमारे एकतृतीयांश भरते.

मात्र हे दोन धातू जेथे एकमेकांस भिडतात, तेथे मालकाची फसगत होते. पोलादी बोल्ट शाबूत दिसतो आणि त्याच्याभोवतीचा पत्रा पांढरी भुकटी होऊन झडू लागतो. ही भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते. त्यामुळे सांधा फुगतो, भोक मोठे होते व बोल्ट ढिला पडतो. भरलेली टाकी अशा सांध्यावर बसविलेली असेल, तर घाटातील वळणावर काय होईल याची कल्पना करणे कठीण नाही.

याचे मूळ शाळेत शिकविल्या जाणाऱ्या विद्युत्घटात आहे. दोन भिन्न धातू, त्यांचा परस्परस्पर्श आणि क्षारयुक्त ओलावा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वीज वाहू लागते व अधिक क्रियाशील धातू, म्हणजे येथे अ‍ॅल्युमिनियम, झिजतो. शिक्षकांनी मिठाच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी व लोखंडी खिळा बुडवून, दोन्ही तारांनी गॅल्व्हानोमीटरला जोडल्यास विद्यार्थ्यांना काटा हललेला दिसेल. कोकणातील खारी हवा, मासळीच्या पेट्यांतून गळणारे पाणी किंवा सांडलेले खत हेच काम गाडीखाली मुकाट्याने करीत असते.

हा धडा जुना आहे. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले. दोन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा बहुतेक खिळे खाऊन गेले होते; पण ज्या खिळ्यांच्या व तांब्याच्या मध्ये वेष्टनाचा कागद राहून गेला होता, ते सुरक्षित होते.

कारागिराने करावयाचे तेही हेच: मध्ये आडपडदा ठेवणे. चासी व पत्रा यांच्यामध्ये पाणी न शोषणारी प्लॅस्टिकची पट्टी घालावी. गोणपाट, चामडे वा लाकूड घालू नये. ते ओल धरून ठेवतात. बोल्टखाली केवळ नायलॉनचा वॉशर घातल्याने काम होत नाही, कारण बोल्टचा दांडा भोकाच्या कडेला लागतोच. तेथे नायलॉनची नळीही हवी. मोठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात स्टेनलेस पोलादाचे थोडे बोल्ट चालू शकतात, परंतु मोठ्या पोलादी पत्र्यात अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट मारणे घातक आहे. झिजणारा भाग जितका लहान, तितका तो लवकर संपतो.

रंगाबाबत सर्वसाधारण समजूत उलटी आहे. झिजणारे अ‍ॅल्युमिनियम तेवढे रंगवून पोलाद उघडे ठेवले, तर रंगावर ओरखडा पडताच सारी झीज त्या एका ठिपक्यावर होते व पत्र्याला आरपार छिद्र पडते. म्हणून दोन्ही धातू रंगवावेत. एकच शक्य असेल, तर पोलाद रंगवावे. पोलादावर रेड ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियमवर वॉश प्रायमर वापरावा. शिसेयुक्त शेंदरी प्रायमर अ‍ॅल्युमिनियमवर लावू नये.

सांध्याच्या कडा सीलंटने बंद कराव्यात, पाणी साचेल तेथे निचऱ्याची भोके ठेवावीत आणि मासळी वा खताची फेरी झाल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा. पट्ट्यांमुळे बॉडी चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटते, तेव्हा बॉडीवर दिवे बसविलेले असल्यास त्यांच्या अर्थिंगची वेगळी तार ओढावी लागते.