निकाल लागला, आता घराची परीक्षा



मागच्या गुरुवारी इंदूरच्या सत्संगानंतर एक ताई थांबल्या. मुलाला जेईई मेनमध्ये ८६ पर्सेंटाइल. आजी पेढे आणायला निघाली, "शंभरात शह्याऐंशी, मग रडतो कशाला?" वडील दोन दिवस बोलले नाहीत. आणि मुलगा जेवेना.

एकच आकडा, पण घरात तिघांनी तीन अर्थ लावले. म्हणून आजचा अभ्यास याच विषयावर.

*१. आधी आकडा समजून घ्या.*
पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. पेपर वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होतो, कुठला सोपा, कुठला कठीण. म्हणून त्या शिफ्टमधल्या मुलांशी तुलना करतात. ८६ पर्सेंटाइल म्हणजे दर १०० पैकी साधारण ८६ जण त्याच्या बरोबरीला किंवा मागे. कमी नाही हे. पण परीक्षेला लाखो मुलं बसतात, त्यामुळे एनआयटीतली हवी ती शाखा मिळणं अवघड. खोटी आशा देऊ नका, खोटी भीतीही नको.

*२. मग दारं मोजा.*
परीक्षा जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते, दोन्ही दिल्या तर चांगला स्कोअर धरतात. मध्य प्रदेशात राज्याचं कौन्सेलिंगही याच रँकवर होतं. उरलेल्या जागांना बारावीचे गुणही चालतात. बारावीच्या वर्षासकट सलग तीन वर्षं जेईई मेन देता येते. पण ड्रॉप घ्यायचा का, हे मुलालाच ठरवू द्या. काकांच्या मुलाने घेतला म्हणून नको.

*३. आता आपलं मन तपासा.*
आपण म्हणतो, कर्म आपलं, फळ त्याच्या हाती. रोज म्हणतो. मग निकालाच्या दिवशी ताट का सरकवतो? खरं सांगायचं तर मुलाच्या मार्कांपेक्षा "नातेवाइकांना काय सांगू" हेच जास्त टोचत असतं. ते ओझं आपलं आहे, पोराच्या पाठीवर टाकू नये. फळाची आस सोडणं म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे. रडून झालं की उठायचं, फॉर्मची तारीख बघायची.

त्या ताईंच्या घरी त्या रात्री वडील मुलाच्या खोलीत गेले. एवढंच म्हणाले, "चल, पोहे केलेत. मलाही एकट्याला जात नाहीत." मुलगा उठला. कॉलेज अजून ठरलेलं नाही.

*या आठवड्याचा अभ्यास:* घरात असं लेकरू असेल तर आज रात्री सगळ्यांनी एकत्र जेवा. जेवताना मार्कांचा विषय नाही. उद्या सकाळी नामस्मरण झाल्यावर कागद-पेन घेऊन पर्याय लिहा, मुलाच्या हाताने.

मूल गप्प-गप्प राहत असेल, झोपत नसेल, "मी नसलो तर बरं" असं बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास चालू असते. मदत मागण्यात श्रद्धा कमी पडत नाही.

हा संदेश आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर जरूर वाचून दाखवा. 🙏