‘पांढरे जाणे’ : अंगावर काढण्याचे दुखणे नव्हे

वाशिम जिल्ह्यातील केनवड हे सोयाबीन आणि तुरीच्या शिवारातील गाव. अशा गावातील स्त्रीला ताप आला तर ती दवाखान्याची वाट धरते. पायात काटा रुतला तर तो काढून घेते. परंतु अंगावरून पांढरे जाऊ लागले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तर ती ही गोष्ट जावेलाही सांगत नाही. ‘बायकांचे असे चालायचेच’ या समजुतीने दुखणे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. वस्तुतः या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा जो विकार असतो, तो ओळखण्यास सोपा आणि उपचारास दाद देणारा आहे. वैद्यकशास्त्रात त्यास बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे जीवाणूजन्य योनिविकार, असे म्हणतात.

गडचिरोलीने दिलेला धडा

या मौनाचे मोजमाप प्रथम विदर्भातच झाले. केनवड विदर्भाच्या पश्चिम भागात, तर गडचिरोली त्याच्या पूर्व टोकाला. तेथे डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक ना एक विकार होता आणि प्रत्येकीमागे सरासरी ३.६ विकार आढळले. त्यांपैकी निम्मा वाटा जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. मात्र पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच अर्थ घेतला जात असे. गडचिरोलीच्या अभ्यासाने ही दृष्टी बदलण्यास मोठा हातभार लावला. पुढे १९९७ साली सुरू झालेल्या प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमात प्रजननमार्गाच्या जंतुसंसर्गावरील उपचारांचा समावेश करण्यात आला.

विकार होतो कसा?

योनिमार्गातून थोडा पांढरट वा पारदर्शक स्राव जाणे नैसर्गिक आहे. मासिक पाळीच्या मध्यावर आणि गरोदरपणात तो वाढतो. त्याला दुर्गंधी नसेल, खाज वा आग होत नसेल, तर औषधाची गरज नाही. ‘धातू जातो’, ‘हाडे झिजतात’ या समजुतींना शास्त्रीय आधार नाही.

निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीच्या उपकारक जीवाणूंची वस्ती असते. दुधाचे दही करणाऱ्या जीवाणूंचे हे आप्तच होत. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात व त्या आंबटपणामुळे अपायकारक जंतूंना आळा बसतो. काही कारणाने हे उपकारक जीवाणू घटले, की गार्डनेरेला आणि इतर अनेक जीवाणूंची संख्या बेसुमार वाढते. शेतातील पीक विरळ झाले की तणाचे फावते, तसाच हा प्रकार. साबणाने वा जंतुनाशकाने योनीच्या आतील भाग धुण्याची सवय या बिघाडास हातभार लावते. स्वच्छतेसाठी बाहेरील भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. दही, लिंबू वा तुरटी आत लावण्याचे घरगुती प्रयोग टाळावेत.

ओळखण्याच्या खुणा

या विकारात पातळ, करडा-पांढरा, एकसारखा स्राव जातो आणि त्याला माशासारखा वास येतो. शरीरसंबंधानंतर व पाळीच्या दिवसांत हा वास तीव्र होतो. खाज सहसा फारशी नसते. याउलट दह्याच्या गोळ्यांसारखा स्राव आणि तीव्र खाज ही बुरशीची लक्षणे होत; हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव असल्यास ट्रायकोमोनास या परोपजीवीची शंका घ्यावी लागते. कित्येक स्त्रियांना मात्र कोणतेच लक्षण जाणवत नाही.

निदानासाठी १९८३ साली अॅम्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार कसोट्या मांडल्या : विशिष्ट स्वरूपाचा स्राव, सामू ४.५ पेक्षा अधिक. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारा माशासारखा वास. आणि सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणूंनी कडा झाकलेल्या पेशी. यांपैकी तीन आढळल्या की निदान निश्चित होते. रंग बदलणारी कागदी पट्टी, रसायनाचा एक थेंब आणि हिवतापाच्या तपासणीस वापरतात तसा सूक्ष्मदर्शक एवढ्या साधनांवर हे काम भागते.

उपचार

मेट्रोनिडॅझोलच्या ४०० किंवा ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, सात दिवस, हा रूढ उपचार आहे. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. काही रुग्णांना क्लिंडामायसीन मलम दिले जाते. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि बरे वाटले तरी मात्रा पूर्ण करावी. दुकानातून परस्पर आणलेले बुरशीवरील मलम या विकारावर गुणकारी ठरत नाही; त्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात.

हा विकार पुन्हा उद्भवतो, हेही ध्यानात ठेवावे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात निम्म्याहून अधिक स्त्रियांना वर्षभरात तो परत झाला होता. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातीलच दुसऱ्या चाचणीत पतीला अथवा जोडीदारालाही त्याच वेळी औषध दिले असता, पुन्हा विकार होण्याचे प्रमाण १२ आठवड्यांत ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले. विकार वारंवार होत असेल तर पतीने पत्नीसमवेत दवाखान्यात जाणे हिताचे. तथापि, हा विकार म्हणजे कोणाच्या वर्तनाचा पुरावा नव्हे. त्यावरून पत्नीच्या चारित्र्याविषयी शंका घेणे अज्ञानाचे आणि अन्यायाचे आहे.

दुर्लक्षाचे परिणाम

उपचार न झाल्यास गरोदर स्त्रीला अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. गर्भपातासारख्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग गर्भाशयापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते. एच.आय.व्ही. व इतर लैंगिक संसर्ग जडण्याची जोखीमही अधिक असते. ओटीपोटात दुखणे, ताप, शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, किंवा पाळी कायमची थांबल्यावर स्राव अथवा रक्त जाणे ही लक्षणे तर मुळीच अंगावर काढू नयेत. त्यामागे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासारखा गंभीर आजारही असू शकतो.

पहिले पाऊल

गावातील आशा कार्यकर्ती अथवा आरोग्यसेविका हिच्याशी बोलणे, हे पहिले पाऊल होय. तेथून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि आवश्यकता भासल्यास वाशिमचे जिल्हा रुग्णालय अशी उपचारांची साखळी उपलब्ध आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत.

तथापि, तपासणीची खोली आडोशाची असावी, बोलणारी व्यक्ती विश्वासाची असावी, आणि घरातील माणसांनी ‘काय झाले?’ असे आपुलकीने विचारावे, याची तरतूद कोणत्याही योजनेत करता येत नाही. ती गावाने आणि कुटुंबानेच करावयाची आहे. सात दिवसांच्या औषधाने बरे होऊ शकणारे दुखणे केवळ संकोचापायी वर्षानुवर्षे सोसण्याची वेळ कोणत्याही स्त्रीवर येऊ नये.