कूलर थांबला की फिल्टर ऐकू येतो

रायपुरात फिशटँकच्या फिल्टरची तक्रार बहुधा दिवाळीनंतर सुरू होते. मार्च संपता संपता घरोघरी कूलर लागतात, मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि कूलरच्या घरघरीत दुसरा कुठलाच आवाज कानावर येत नाही. पावसाळ्यात पंखा असतो. मग थंडी पडते, कूलरवर ताडपत्री चढते, पंखाही बंद होतो आणि रात्री अकराच्या सुमाराला बैठकीच्या कोपऱ्यातून ‘घूं’ सुरू होतं. फिल्टर त्या रात्री बिघडलेला नसतो. सहा-आठ महिने तो हळूहळू कुरकुरत असतो, आपल्या कानावर मात्र आज येतं.

आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी टाकी बैठकीत आहे आणि माझी आई तिथेच झोपते. थंडीच्या सुरुवातीला ती म्हणाली, “अरे, त्या माशांच्या पेटीत रात्रभर कुणीतरी कण्हतंय. बघ तरी.” दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. “भैया, ये तो गया, नया ले लो,” असं ऐकलं आणि साडेआठशे रुपयांचा नवा फिल्टर घेऊन आलो. जुना फेकण्याआधी सहज उघडून पाहिला, तर आतल्या चुंबकावर पांढरा, खडबडीत थर होता आणि दांड्याला धाग्यासारखं शेवाळ गुंडाळलेलं होतं. अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवला, जुन्या टूथब्रशने घासला, परत लावला. आवाज गेला. नवा फिल्टर डब्यात तसाच राहिला. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: दुकानात जाण्याआधी आवाज कुठून येतो ते शोधा. त्या उत्तरावर खर्च तीस रुपये होणार की तीन हजार, ते ठरतं.

कान लावून ऐकलं की आवाज वेगळे ओळखता येतात. एकसुरी ‘घूं’ येत असेल आणि फिल्टर हाताने किंचित उचलल्यावर तो कमी होत असेल, तर दोष फिल्टरचा नाही, टेकण्याचा आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मोटरची कॉइल सूक्ष्म थरथरते. ती थरथर काचेला किंवा खालच्या प्लायवूडच्या स्टँडला लागली की तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी घुमते. जुन्या हवाई चपलेच्या तळाचा तुकडा किंवा योगाच्या चटईची पट्टी मध्ये सरकवा. खर्च शून्य. एअर पंप टाकीच्या झाकणावर ठेवला असेल तर तो आधी खाली उतरवा. भिंतीला खिळा ठोकून दोरीला टांगलेला पंप सर्वांत कमी बोलतो. पंप पाण्याच्या पातळीखाली येणार असेल, तर नळीत चेक व्हॉल्व्ह हवाच. वीस ते पन्नास रुपयांची ही वस्तू नसेल, तर वीज गेल्यावर टाकीचं पाणी नळीवाटे उलटं येऊन पंपात, आणि तिथून फरशीवर उतरतं.

एअर पंपाचा आवाज अचानक वाढला, तर बऱ्याचदा एअर स्टोन तुंबलेला असतो. हवेला वाट मिळत नाही, आतल्या रबरी पडद्यावर दाब येतो आणि पंप ओरडतो. नवा स्टोन वीस-तीस रुपयांना मिळतो.

झरझर आवाज पाण्याचा असतो. टाकीच्या काठावर लटकणाऱ्या फिल्टरमधून पाणी धबधब्यासारखं पडतं आणि टाकीतली पातळी जितकी खाली, तितका तो मोठा. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात पातळी बघता बघता उतरते. मात्र भर घालताना बोअरचं पाणी घालू नका. उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात, आणि वरून तुम्ही आणखी क्षार ओतत असता. घरात आरओ असेल तर भर घालायला त्याचं गाळलेलं पाणी वापरा. आरओचं वाया जाणारं पाणी कधीच नको, त्यात क्षार आणखी दाट असतात. दर आठवड्याला थोडं पाणी बदलता, तेव्हा मात्र नेहमीचंच घ्या, निव्वळ आरओचं नको.

खडखड किंवा करकर आवाज आला तर इम्पेलर, म्हणजे मोटरमधला चुंबक लावलेला छोटा फिरता पंखा, बघायचा. रायपूर आणि आजूबाजूचा मुलूख चुनखडीच्या खडकावर वसला आहे. बलौदा बाजारकडे सिमेंटचे कारखाने उभे राहिले तेही याच दगडाच्या जोरावर. तोच चुना बोअरच्या पाण्यातून आपल्या बादलीच्या कडेला, गीझरच्या कॉइलवर आणि फिल्टरच्या चुंबकावर बसतो. चुंबक फिरण्याची जागा इतकी अरुंद असते की नखाएवढा थरही भिंतीला घासतो. आधी प्लग काढा. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी काढा. पुढचं झाकण उघडून इम्पेलर चिमटीत धरून सरळ ओढा. दांडा चिनी मातीसारख्या ठिसूळ पदार्थाचा असेल तर वाकडा ओढल्यास मोडतो. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, त्यात अर्धा तास ठेवा. बुडबुडे येतील, तो चुना विरघळत असतो. दांड्याच्या दोन्ही टोकांना रबराच्या बारीक टोप्या असतात, त्या धुताना सिंकमध्ये वाहून जातात. वाटी खाली धरा. टोपी हरवली की दांडा हलतो आणि नवाकोरा इम्पेलरही खडखडतो. शेवटी साध्या पाण्याने खळखळून धुवा. दांडा झिजून बारीक झालेला दिसला किंवा चुंबकाला चीर पडलेली दिसली, तर नवा इम्पेलर शंभर ते तीनशे रुपयांना येतो. तो मिळत नसेल, किंवा मोटरच हाताला चटका बसेल इतकी तापत असेल, तरच नवा फिल्टर.

आता खरेदी. आधी टाकीचं माप घ्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी नेहमीची टाकी काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर होते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ५० लिटर धरा. तासाला पाच वेळा पाणी फिरावं या हिशेबाने २५० लिटर लागतात. डब्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. स्पंज भरल्यावर आणि तो मळल्यावर प्रवाह उतरतो, म्हणून डब्यावर ३०० ते ४०० लिटर लिहिलेला घ्या. “बडा लेंगे तो अच्छा साफ करेगा” या सल्ल्यापासून दूर राहा. हजार लिटरचा फिल्टर दोन फुटी टाकीत आवाजही करतो आणि माशांना दिवसभर प्रवाहाविरुद्ध पोहायला लावतो. फायटर माशाचे लांब पर तर त्यात फाटतात.

गप्पी, मॉली, फायटर यांच्या लहान टाकीसाठी मी डोळे मिटून स्पंज फिल्टर सांगेन. स्पंज दीडशे ते तीनशे, बऱ्यापैकी शांत एअर पंप चारशे ते सातशे, नळी आणि व्हॉल्व्ह धरून आठशे-हजारात काम होतं. पंपावर कंजूषी करू नका, कारण या जोडीत आवाज करणारा तोच एक. दोनशे रुपयांचा पंप रात्री झोपू देत नाही. तीन वॅटचा पंप वर्षभर अखंड चालला तर २६ युनिट लागतात. युनिटला पाच रुपये धरले तर वर्षाला एकशे तीस रुपये.

दोन ते अडीच फुटी टाकीत गोल्डफिश असतील तर घाण जास्त होते, तिथे काठावरचा हँग-ऑन फिल्टर बरा. सातशे ते दोन हजारांपर्यंत मिळतो, पाच-सहा वॅट खातो, म्हणजे वर्षाला सव्वादोनशे-अडीचशे रुपयांची वीज. यात मोटर पाण्याखाली असलेलं मॉडेल निवडा. मोटर बाहेर असलेल्या काही मॉडेलांत वीज जाऊन आली की आतलं पाणी उतरलेलं असतं आणि मोटर कोरडी फिरत राहते. वैशाखात वादळ आलं की वीज दोन-दोनदा जाते, तेव्हा हा फरक महाग पडतो. दर महिन्याला कंपनीचंच कार्ट्रिज बदला असं डब्यावर लिहिलेलं असेल तर तो खर्चही किमतीत धरा. साधा स्पंज आणि फिल्टरचा कापूस आत बसवता येणारं मॉडेल घेतलं तर वर्षाचा हा खर्च दोन-तीनशेच्या पुढे जात नाही.

टाकीच्या आत चिकटवायचा पॉवर फिल्टर सर्वांत सहज मिळतो, तीनशे ते आठशेत. सोबोसारख्या चिनी कंपन्यांचे फिल्टर जवळजवळ प्रत्येक दुकानात टांगलेले असतात. पाण्यात बुडलेला असल्याने तो तसा शांत असतो. पण काचेला धरणाऱ्या रबरी वाट्या वर्षभरात कडक होतात, फिल्टर काचेला टेकतो आणि घुमणं सुरू होतं. वाट्यांचा जादा जोड त्याच दिवशी मागून घ्या.

कॅनिस्टर, म्हणजे खाली कपाटात ठेवायचा बंद डबा, हा सर्वांत मुका फिल्टर. सनसनचे लहान चिनी कॅनिस्टर साधारण तीन ते सहा हजारांत मिळतात. जर्मन ईहाइमला त्याहून बरेच जास्त मोजावे लागतात. वीस वॅटचा असेल तर वीज वर्षाला पावणेनऊशेच्या घरात. टाकी तीन फुटांहून लहान असेल तर हा खर्च मला पटत नाही. पहिले दोन-तीन दिवस तो गुळगुळ करतो, कारण आत हवा अडकलेली असते. डबा हलकेच तिरका केला की ती निघते. तेवढ्यासाठी परत करायला धावू नका. वीज चार-पाच तास गेली तर मात्र डबा उघडून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात खळबळून मगच चालू करा. बंद डब्यात प्राणवायू संपून आत साचलेलं सडकं पाणी थेट माशांवर येतं.

कॅनिस्टरचं एक दुखणं आपल्या गावात विशेष आहे. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३२ अंशांना सव्वासातच. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीतली टाकी ३२ सहज ओलांडते, आणि नेमकं तेव्हाच माशांना प्राणवायू जास्त लागतो. पाण्याचा पृष्ठभाग हलला तरच हवा आत मिसळते. फिल्टर अगदी निःशब्द करायचा म्हणून त्याचं तोंड खोल बुडवलं, तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतील. उन्हाळाभर थोडी झुळझुळ राहू द्या. कूलरच्या आवाजात ती तशीही ऐकू येत नाही.

दुकानात आवाज तपासता येत नाही. तिथे वीस टाक्यांचे पंप एकदम चालू असतात आणि ‘सायलेंट’ तर प्रत्येक डब्यावर छापलेलं असतं. फिल्टर हातात घेऊन दोनच प्रश्न विचारा. “भैया, इसका इम्पेलर अलग से मिलेगा क्या?” आणि “रात में आवाज की तो कल बदल दोगे?” पहिल्याचं उत्तर नाही असेल तर फिल्टर स्वस्त असला तरी ठेवून द्या, कारण शंभर रुपयांच्या भागासाठी वर्षाने पुन्हा पूर्ण किंमत मोजावी लागेल. दुसऱ्याचं उत्तर बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन घेताना परतीची मुदत आणि सुटे भाग दोन्ही बघा. घरी आणल्यावर आधी बादलीत, जुन्या टॉवेलवर ठेवून चालवा. रात्री सगळं बंद करून, तुमचं माणूस जिथे झोपतं तिथे उशीवर डोकं ठेवून ऐका.

आणि जुना फिल्टर त्याच दिवशी काढू नका. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू जुन्या स्पंजवर राहतात. तो फेकला की टाकी आतून नवी होते आणि आठवडाभरात मासे मरू लागतात. दोष मग नव्या फिल्टरला लागतो. तीन-चार आठवडे दोन्ही फिल्टर सोबत चालवा. जागा नसेल तर जुना स्पंज कापून नव्याच्या आत बसवा. तो नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळला की पुरे. महिनाभर खाणंही निम्मं ठेवा.

महिन्यानंतर जुना फिल्टर धुवा, सावलीत वाळवा, इम्पेलर वेगळा कागदात गुंडाळा आणि टोप्यांसकट डब्यात भरून ठेवा. आमचा साडेआठशेचा नवा फिल्टर असाच कपाटात आहे. जुन्याला दर दोन महिन्यांनी व्हिनेगर मिळतं, आणि आई सकाळी उठल्यावर आता फक्त मासे मोजते.