गिअरबॉक्स नवा, दांडा कोणता?

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या मालट्रककडे बाजूने थोडे वाकून पाहा. पुढच्या इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा एक लांब, गोल दांडा दिसेल. त्याच्या टोकांना अधिक चिन्हाच्या आकाराचे सांधे असतात. ट्रक लांब असेल तर दांडा एकसंध नसून दोन-तीन तुकड्यांचा असतो आणि मध्ये एक बेअरिंग टांगलेले असते. इंजिनाचा पीळ मागच्या चाकांपर्यंत नेणारा हा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. आजच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिन पुढची चाके फिरवते. त्यामुळे तेथे हा दांडा दिसणार नाही. पण आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेल्या अँबॅसॅडर आणि पद्मिनी या दोन्ही गाड्यांत तो होता.

जुन्या मोटारी जतन करणारे हौशी लोक आता या गाड्यांकडे वळले आहेत. अँबॅसॅडर मूळची इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे तिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालू होते. जुन्या अँबॅसॅडरला १४८९ सी.सी.चे इंजिन व चार गिअर असत. १९९२ च्या सुमारास इसुझू कंपनीच्या आराखड्याचे १८०० सी.सी.चे इंजिन आणि पाच गिअरांचा गिअरबॉक्स असलेली अँबॅसॅडर आली. साहजिकच जुन्या गाडीच्या मालकाला वाटते, आपल्याही गाडीत पाचवा गिअर असावा. गिअरबॉक्स मिळतो, इंजिनाशी जुळवला जातो (ती एक वेगळीच खटपट आहे) आणि मग ध्यानात येते, की जुना दांडा आता बसत नाही.

का बसत नाही? पाच गिअरांचा गिअरबॉक्स बहुधा लांब असतो. समजा, त्याचे शेपूट पूर्वीपेक्षा १२ सेंटिमीटर मागे आले. मागचा आस जागचा हललेला नाही. म्हणजे १४० सेंटिमीटरच्या दांड्याला आता १२८ सेंटिमीटरच जागा उरली. शिवाय गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दंडाच्या खाचांची संख्या आणि जाडी वेगळी, म्हणून जुन्या दांड्याचे पुढचे टोक त्यावर चढतच नाही.

येथे पुष्कळांची पहिली चूक होते. ते भंगार बाजारात जाऊन “अमुक गाडीचा दांडा द्या” असे म्हणतात. मुंबईचा चोर बाजार असो की कुर्ल्याची सुट्या भागांची दुकाने, मागाल त्या गाडीचा दांडा कदाचित मिळेल. पण ज्या गाडीत एका घराण्याचा गिअरबॉक्स आणि दुसऱ्या घराण्याचा आस आहे, तिचा दांडा कोणत्याच कारखान्याने कधी बनवलेला नसतो. म्हणून तो तीन ठिकाणांहून जमवावा लागतो. पुढचे टोक, म्हणजे खाचांचे योक, नव्या गिअरबॉक्सच्या मूळ गाडीचे. मागचे टोक, म्हणजे चार बोल्टांची चकती, आपल्याच जुन्या दांड्याचे. आणि मधली नळी नवी. दोन्ही टोकांचे क्रॉस वेगवेगळ्या मापांचे असले तरी बिघडत नाही. मात्र प्रत्येक क्रॉस आपापल्या योकात घट्ट बसला पाहिजे. ठोकून बसवलेला किंवा पत्र्याची पट्टी घालून घट्ट केलेला क्रॉस नको.

आता माप. ते एका क्रॉसच्या मध्यापासून दुसऱ्या क्रॉसच्या मध्यापर्यंत घ्यायचे, आणि गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्यायचे. जॅकने गाडीचे धड उचलले की आस खाली लोंबतो आणि माप बदलते. गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा आस वर-खाली होतो, दोन सांध्यांमधले अंतर थोडे कमी-जास्त होते. म्हणून पुढचे योक खाचांवर सरकते ठेवलेले असते. ते पूर्ण आत ढकलून मग साधारण अडीच सेंटिमीटर बाहेर ओढावे आणि त्या स्थितीत मापावे. आत जागाच ठेवली नाही, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात दांडा गिअरबॉक्सवर घणासारखा आदळेल. फार बाहेर ठेवले, तर थोड्याच खाचा एकमेकींत राहतील. (गाडीखाली जाऊन हे माप घेण्याचे काम जाणत्या मेकॅनिकचे आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये.)

येथवर हा गॅरेजचा हिशेब झाला. खरी गंमत पुढे आहे.

गिअरबॉक्सचे शेपूट आणि मागचा आस एका रेषेत नसतात, म्हणून सांधे लागतात. असा सांधा इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७६ साली छापलेल्या पुस्तकात वर्णिला होता, तोही मोटारीसाठी नव्हे तर सूर्याच्या वेधाच्या उपकरणासाठी! मोटारीत तो रुळला तो अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर याने १९०३ मध्ये पेटंट घेतल्यानंतर. या सांध्यात एक खोड आहे. एका बाजूचा दांडा अगदी एकसारख्या गतीने फिरवला, तरी दुसऱ्या बाजूचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. पाना-सेटमध्ये असा सांधा मिळतो. तो ४५ अंशांत वाकवून धरा आणि दोन्ही टोकांना अंशांच्या खुणा केलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या बसवा. एक चकती ४५ अंश फिरवली, तर दुसरी सुमारे ३५ अंश किंवा ५५ अंश फिरलेली दिसेल. कोणता आकडा येईल ते सुरुवातीला सांधा कसा धरला होता त्यावर अवलंबून आहे. ९० अंशांवर दोघी पुन्हा बरोबर येतात.

गाडीत कोन इतका मोठा नसतो. ३ अंशांच्या कोनाला गतीतला हा फरक जेमतेम हजारात दीड भाग भरतो. १० अंशांना तो शेकड्यात दीड होतो. कोन सुमारे तिप्पट, फरक दसपट! म्हणूनच नवा गिअरबॉक्स बसवताना त्याचे शेपूट बोटभर खाली किंवा वर राहिले तरी ते ध्यानात घ्यावे लागते. मात्र कोन अगदी शून्यही नसावा. क्रॉसच्या टोपीतल्या बारीक सुया थोड्या तरी हलत्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर त्या एकाच जागी रुतून खोबण पाडतात.

खोड मोडण्याचा उपाय साधा आहे: दोन सांधे वापरायचे आणि दोन्हींचे कोन सारखे ठेवायचे. पहिल्याने केलेली चूक दुसरा तेवढ्याच मापाने उलटी करतो. पण त्यासाठी नळीच्या दोन टोकांची योके एकाच पातळीत हवीत. वेल्डिंग करताना ती काटकोनात जोडली गेली, तर चुका एकमेकींना खोडण्याऐवजी एकमेकींत मिळतात. कारखान्यातून आलेल्या सरकत्या दांड्यावर दोन बाण कोरलेले असतात, ते याचसाठी. दांडा सोडवण्यापूर्वी खडूने खूण करणारा मेकॅनिक भूमितीच करत असतो.

आता लांबी. गिअरबॉक्स लांब असेल तर दांडा आखूड होतो आणि काळजी कमी होते. पण नवा गिअरबॉक्स आखूड निघाला तर? “मग लांब दांडा बसवू” हे उत्तर धोक्याचे आहे. पोलादी फूटपट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा, २० सेंटिमीटर भाग बाहेर ठेवून टिचकी मारा. पट्टीचे हेलकावे डोळ्यांना दिसतील. आता १० सेंटिमीटरच बाहेर ठेवा. या वेळी ‘घूंऽ’ असा आवाज येईल. लांबी निम्मी केली, कंपसंख्या चौपट झाली. दोन्ही टोकांवर टेकलेल्या दांड्यालाही हाच नियम लागू आहे. दांड्याचे फेरे त्याच्या या स्वाभाविक कंपसंख्येइतके झाले, की तो दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखा फुगून फिरू लागतो. त्या गतीला क्रांतिक गती म्हणतात.

आकडे घेऊन पाहू. मागच्या टायरचा परीघ २ मीटर आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.५ धरा. ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६६७ फेरे घेते आणि दांडा ३०००. हा आकडा गिअरबॉक्स बदलल्याने बदलत नाही, कारण तो चाकावरून येतो. पाचव्या गिअरने फक्त इंजिन हळू फिरते: पाचव्याचे गुणोत्तर ०.८ असेल तर दांड्याच्या ३००० फेऱ्यांना इंजिनाचे २४००. उलट इंजिन पूर्वीइतके फिरवले, तर दांडा सव्वापट वेगाने फिरेल, हे मात्र खरे.

५० मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची पोलादी नळी घेतली, तर १४० सेंटिमीटर लांबीला तिची क्रांतिक गती गणिताने सुमारे ४१०० फेरे येते. १२८ सेंटिमीटरला ती ४९०० होते. आणि १६५ सेंटिमीटरला? फक्त २९७०. म्हणजे ताशी ८० च्या आतच दांडा फुगणार. प्रत्यक्षात सांधे आणि आधार थोडे लवचीक असल्यामुळे गणिताचा आकडाही पुरता मिळत नाही, म्हणून त्याच्या तीन चतुर्थांशाच्या आतच राहायचे असते. लांबी अटळच असेल, तर नळी जाड व्यासाची घ्यावी. ७५ मिलिमीटर व्यासाला तीच १६५ सेंटिमीटर लांबी ४५०० फेऱ्यांपर्यंत जाते. नाहीतर ट्रकप्रमाणे दांड्याचे दोन तुकडे करून मध्ये बेअरिंग द्यावे.

कोणी म्हणेल, पोकळ नळीऐवजी भरीव गज वापरला तर? तो मजबूत नाही का होणार? पीळ सोसायला होईल. पण ५० मिलिमीटरचा भरीव गज १४० सेंटिमीटर लांबीला ३००० फेऱ्यांच्या आसपासच फुगू लागेल, त्याच मापाच्या नळीच्या कितीतरी आधी! कारण मधले पोलाद वजन पुष्कळ वाढवते, ताठपणा मात्र थोडाच. आपल्या नळीत गजाच्या शेकडा १५ भागच पोलाद आहे, तरी ताठपणा शेकडा २८ आहे.

शेवटी तोल. नळीच्या एका अंगाला आसापासून ४ सेंटिमीटरवर १० ग्रॅम वजन जास्त राहिले, तर ३००० फेऱ्यांना त्याचे बाहेर ओढणारे बल सुमारे ४० न्यूटन, म्हणजे चार किलो वजनाइतके होते, आणि ते सेकंदाला पन्नास वेळा दिशा फिरवते. वेल्डिंगचा एक ओघळ एवढा त्रास देऊ शकतो. म्हणून नवा दांडा यंत्रावर फिरवून तोलून घेतात आणि हलक्या बाजूला पत्र्याचे छोटे तुकडे चिकटवतात. दांड्याच्या पुढच्या भागाखाली पोलादी पट्टीचे एक कडेही लावून घ्यावे. पुढचा सांधा चालत्या गाडीत तुटला, तर मोकळे टोक रस्त्यात रुतू शकते. कडे असले की दांडा वरच अडकून राहतो.

गाडी चालू झाल्यावर ताशी ६० वेगाला थरथर जाणवली, तर मेकॅनिक मोकळ्या, सरळ रस्त्यावर गिअर काढून गाडी नुसती वाहू देतो. थरथर तशीच राहिली, तर दोष इंजिनात नाही. तो दांड्यात किंवा चाकांत शोधायचा.

तुमच्यासाठी एक उदाहरण: टायरचा परीघ १.८ मीटर आणि गुणोत्तर ४.१ असलेल्या गाडीचा दांडा ताशी ८० किलोमीटर वेगाला मिनिटाला किती फेरे घेईल? उत्तर ३०४० च्या आसपास यायला हवे. ते आले, की वरची १४० सेंटिमीटरची नळी या गाडीला ताशी किती वेगापर्यंत चालेल, तेही काढा. तीन चतुर्थांशाची अट विसरू नका.